नऊ नंबरचा दगड

वामनभाऊ,

तुमच्या तेरवीची बुंदी चांगली झाली होती, असं मला तीन जणांनी थांबवून सांगितलं. त्यातल्या एकानं तर तुमच्याच अंगणात, तुमच्याच बाजेवर बसून, दात कोरत सांगितलं. मी बुंदी खाल्ली नाही. 

बस थांब्यापाशी तुमचा फ्लेक्स लागला आहे. 'थोर इतिहास संशोधक' असं लिहिलंय. तुमचा फोटो रेशन कार्डावरचा, मोठा करून फाटलेला. खाली हात जोडून सहा जण उभे, आणि त्यात माजी सरपंचाचं तोंड तुमच्या तोंडाच्या दुप्पट. आठ वर्षं तुम्हाला 'नंबरवाला' म्हणून हाक मारणारी हीच सहा तोंडं. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असतात, "पाहा बाई, मेलो मी अन् फोटो त्याईचे." मी तिथं थुंकले. या गावात तेवीस वर्षं मास्तरीण म्हणून काढली, निवृत्त होऊनही इथंच राहिले, पण रस्त्यावर कधी थुंकले नव्हते. त्या दिवशी थुंकले.

संशोधक म्हणे. तुम्ही चार एकर वावरवाले, सातवी पास, आणि सरकी टोबण्यात तुमचा हात धरणारा सेलू तालुक्यात कोणी नाही, एवढीच तुमची प्रतिष्ठा होती. फूटभरावर गाठ मारलेली लांब दोरी वावरात ताणायची आणि गाठीगाठीला बी टाकायचं. तुमच्या ओळीत उभं राहून पाहिलं की चारी बाजूंनी कपाशीची पराटी सरळ दिसायची. मला हेवा वाटायचा, कारण माझ्या वर्गातली मुलं प्रार्थनेलासुद्धा कधी तशी उभी राहिली नाहीत.

ते खोदकाम आलं नसतं तर आपली ओळख 'नमस्ते बाई' आणि 'काय भाऊ' एवढ्यावरच राहिली असती. माळावर गोल मांडलेले ते मोठे दगड. गाव म्हणायचं, जुन्या गवळ्यांचे गोठे आहेत. नागपूरहून पुरातत्त्वाची मंडळी आली आणि म्हणाली, गोठे कसले, ही माणसं पुरण्याच्या जागा आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. खोदायचं गावानं, दाखवायचं त्यांनी. पहिल्या दिवशी तुम्ही खोदायला लोखंडी सबल घेऊन आलात आणि त्यांनी तुमच्या हातात रंगाचा ब्रश दिला. तुमचं तोंड मला आजही आठवतं. "हे काय बाई, जमिनीले पावडर लावाची हाय का?" असं तुम्ही म्हणालात आणि निंदायला जाणाऱ्या सगळ्या बाया खड्ड्यात बसून हसल्या.

दोन हिवाळे आपण ती जमीन खरवडली. लोखंडाची ती कुऱ्हाड निघाली तेव्हा तिच्यावरची आडवी पट्टी कशाची, यावर नागपूरची मंडळी अर्धा दिवस बोलत होती. तुम्ही उकिडवे बसून नुसतं पाहिलंत. "दांडा ढिल्ला होत असन त्याचा," तुम्ही म्हणालात. "पट्टी मारून बांधला. पाचर ठोकाचा कटाळा, दुसरं काय." मोठे साहेब वहीत लिहायला लागले आणि तुम्ही मात्र त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसावर दुपारपर्यंत चिडून होतात. आपल्याच गड्याला रागवावं तसं. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, भाऊ, पण त्यातल्या कोणावर मला असं हक्कानं चिडता आलं नाही.

चौकोन आखायलाही शेवटी तुमचीच दोरी लागली. त्यांची टेप वाऱ्यानं फडफडायची, तुमची दोरी जमिनीला चिकटून राहायची. तिथून तुम्हाला त्या दोरीचा गर्व झाला, आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

नागपूरची मंडळी दुसऱ्या हिवाळ्यानंतर जाताना म्हणाली, पुढच्या वर्षी रामाजीच्या वावरातलं वर्तुळ घेऊ, तोवर त्यातल्या दगडांची नोंद करून ठेवा. रामाजी म्हणजे तुमचा शेजारी, धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागलेला. सत्तावीस दगड होते. मी म्हटलं, नंबर टाकू. शाळेत पांढरा ऑइल पेंट उरलेला होताच. एका रविवारी मी ब्रश घेऊन निघाले आणि तुम्ही वाटेत आडवे आलात.

"बाई, दगडाले नंबर देऊन काय होते? नंबर तं दगडाच्या आंगावर जाते. दगड हालला का नंबरही हालला. जागा तिथीच राह्यली. जागेले काय देसान?"

मी म्हटलं, "दगड काय चालत जाणार आहेत का, भाऊ?"

"मानसं नेतेत."

मी हसले. मला वाटलं, याला याची दोरी मिरवायची आहे. तुम्ही मिरवलीही. मी पुढं नंबर टाकत होते आणि तुम्ही मागून एक नवी, बिनगाठीची दोरी टाकत होतात. बोरीच्या झाडासमोरच्या दगडापासून सुरुवात, प्रत्येक दगडापाशी एक गाठ, मोठा दगड आला की इंदिरावहिनींच्या हिरव्या लुगड्याची चिंधी. फेरी पूर्ण झाल्यावर ती दोरी तुम्ही घरी नेऊन छपरीतल्या खुंटीला टांगलीत. माझ्याकडं एक रजिस्टर होतं. क्रमांक, लांबी, रंग, शेरा. शेऱ्यात मी 'मोठा', 'मध्यम' असं लिहिलं होतं. फोटोही काढले, एकेका दगडाचा जवळून, नंबर नीट दिसेल असा, जणू त्यांना परीक्षेचं ओळखपत्र द्यायचं होतं. दोन दगडांमध्ये अंतर किती हे एकाही फोटोत दिसत नाही. तुमची दोरी पाहून मी म्हटलं होतं, "याला नोंद म्हणत नाहीत भाऊ, याला दोरी म्हणतात." तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमाले सारंच मालूम राह्यते बाई. एक डाव तरी म्हना ना, का मले नाई मालूम. मराच्या आंधी आयकाचं हाय मले."

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे, पण मला ते लिहिलंच पाहिजे. रामाजी सोमवारी वावरात गेला आणि त्याला आपल्या जमिनीत पांढरे नंबर दिसले. कारंजाला त्याच्या बहिणीच्या दारापुढच्या कडुलिंबाला असाच पांढरा नंबर टाकला होता. मग ओट्याला टाकला, आणि रस्ता रुंद करताना लिंबही गेला आणि ओटाही गेला. रामाजीनं कोणाला काही विचारलं नाही. ज्याच्यावर नंबर आहे ते सरकार नेणार, एवढं त्याला कळत होतं. ज्याच्यावर नंबर आहे तेच वावरात राहिलं नाही, तर सरकार काय नेणार? त्यानं सरपंचाचा जेसीबी बोलावला. बुधवारी मी शाळा सुटल्यावर गेले तेव्हा सत्तावीसही दगड नाल्याच्या बांधात पडले होते आणि वावर सपाट झालं होतं. मी त्याला विचारलंच नव्हतं, भाऊ. ज्याची जमीन त्याला, 'नंबर टाकते बरं का' एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. बाईनं गावात विचारायचं कशाला?

पंचनाम्याला माणसं आली. नागपूरच्या साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विचारलं, नंबर कोणी टाकले? माझ्या नखांत तेव्हा रंग होता. मी पदर बोटाभोवती गुंडाळला. आणि तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "मी टाकले. बाईचा काई संबंध नाई." मला निवृत्तीला दोन वर्षं होती आणि तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी बोलेन असं क्षणभर वाटलं मला. मग तो क्षण गेला, आणि असं काही गेलं की किती हलकं वाटतं, हे सांगताना आता शिसारी येते.

नागपूरची मंडळी पुन्हा आली नाही. तुम्ही 'नंबरवाला' झालात. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, पोळ्याला बैल सजवताना. एकदा आमच्या मास्तरांच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, नंबरवाल्यानं आता आपल्या बैलालाही नंबर टाकला असन. सगळे हसले. मीही हसले, भाऊ. चहाचा कप हातात होता आणि मी चांगली खळखळून हसले. हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत असू द्या.

आणि तुम्ही मात्र दर उन्हाळ्यात, वावर मोकळं झालं की, माझ्या दाराशी यायचात. "बाई, दोरी हाय. बांधात दगड हायेत. रामाजीले तुमी एक डाव म्हना. त्याचे पोट्टे तुमी शिकवले, तो तुमचं आयकन. लावून टाकू परत." मी दर वर्षी काहीतरी सांगायचे. यंदा ऊन फार आहे. यंदा निवडणूक आहे. यंदा गुडघे धरलेत. रामाजीशी बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची, हे मला ठाऊक होतं, आणि तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही कधी ते तोंडावर म्हटलं नाही. चहा पिऊन उठायचात आणि म्हणायचात, "जाऊ द्या. पुढच्या साली पाहू." एकदा तरी शिवी हासडायची होती मला, माणसानं. मी तेवढ्यानं उठून रामाजीकडं गेले असते.

सावंगीच्या दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुमच्या नाकात नळी होती आणि तरी तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कपाशीबद्दल अक्कल शिकवत होतात. मी निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "दोरी छपरीतच हाय. सांभाळजा." मी म्हटलं, "काही होत नाही तुम्हाला, घरी चला आधी." असंच बोलतात ना सगळे.

आता जे सांगते ते गावात कोणाला माहीत नव्हतं.

तुम्हाला घरी आणलं त्या सकाळी मी बायांमध्ये भिंतीला टेकून उभी होते. पुरुष अंगणात तिरडी बांधत होते. सुतळी कमी पडली. कोणीतरी छपरीत गेला आणि खुंटीवरची दोरी ओढून घेऊन आला. कोण होता ते मला आठवत नाही, आणि त्याची चूक नाही. त्याच्यासाठी ती दोरीच होती. त्यांनी ती तुमच्या छातीवरून एक फेरा, पोटावरून एक, पायावरून एक अशी आवळली. तुमच्या छातीवर बरोबर मधोमध हिरवी चिंधी आली. मी गाठी पाहिल्या. मी ओळखल्या. इंदिरावहिनी आत होत्या, त्यांना शुद्ध नव्हती. त्या अंगणात ओळखणारी मी एकटी होते.

'थांबा' एवढं म्हणायचं होतं. तेव्हा कोणीतरी विचारलं असतं, काऊन बाई, काय हाय या दोरीत? आणि मला सांगावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, अशा वेळी असं बोलू नये, बरं दिसत नाही. बरं दिसत नाही! जन्मभर मी त्या तीन शब्दांच्या मागं लपत आले. तुम्हाला उचललं, दोरी तुमच्यासोबत गेली, आणि संध्याकाळी मी घरी येऊन अंघोळ केली आणि भात खाल्ला. पोटभर खाल्ला.

तेरवीला जेवणं आटोपल्यावर ग्रामपंचायतीपुढं सभा झाली. तिथं दगडांचा ढीग पाहिला. बांधातले दगड ट्रॉलीनं आणून टाकले होते. तुमच्या नावानं बस थांब्यापाशी ओटा बांधायचा, वरून टाइल्स लावायच्या, असं ठरलं म्हणे. ज्या दगडांसाठी तुम्ही आठ वर्षं बोलणी खाल्ली, त्यांच्यावर बसून लोक तंबाखू चोळणार. वरच्याच एका दगडावर माझा नऊ होता. मातीत खालच्या अंगाला राहिल्यामुळे त्याला ऊन लागलं नव्हतं. पांढराशुभ्र.

माजी सरपंच बोलायला उठले. दगड उपटले ते त्यांच्याच यंत्रानं, पण बोलले असे की जणू ते तुमच्यासोबत ब्रश घेऊन खड्ड्यात बसले होते. शेवटी म्हणाले, "भाऊच्या हातून तेवढी नंबराची चूक झाली, पन मानूस सोन्याचा." लोक हसले. तुमच्या तेरवीला, तुमच्या बायकोसमोर.  त्यांची किळस आली होती म्हणून मी उठले, हेही खरं सांगते. तुमच्यासाठी उठले असते तर आठ वर्षांपूर्वी उठले असते.

मी म्हटलं, "नंबर वामनभाऊंनी टाकले नव्हते. मी टाकले होते."

कोणीही चमकलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. तेव्हा मागच्या रांगेतून रामाजी म्हणाला, "बसा बाई. मालूम हाय."

"काय माहीत आहे?"

"अर्ध्या गावाले आकडे तुमी शिकवले. तुमचा नऊ कोन नाई ओळखनार? माह्या पोट्ट्याच्या नवालेही असंच लांब शेपूट हाय. पंचनाम्याच्या दिवशीच ओळखला सगळ्याईनं."

 मी विचारलं, मग आठ वर्षं कोणी मला बोललं का नाही?

"भाऊनं सांगतलं होतं. बाईचं नाव ज्यानं काढलं त्यानं माह्या दारात येऊ नाई." रामाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमी त्यालेच नंबरवाला म्हनत गेलो. त्याच्यासमोर म्हनलं का तो हासे. मले वाटे, बाई एक डाव येईन माह्या दारी. म्हनन, रामाजी, चुकलं. मी दगड त्याच साली लावू देल्ले असते. मीही चुकलोच होतो ना. जेसीबी मी बलावला. पन तुमी आल्या नाई, अन् मंग मीही नाई आलो."

आठ वर्षं मी या लोकांना मनातल्या मनात खोटारडे म्हणत आले. मला खुर्ची देणारे, 'नमस्ते बाई' म्हणणारे, माझा नऊ रोज आपल्या वहीत लिहिणारे. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते तुमच्या शब्दाला जागत होते. त्या सभेत ज्याची किळस यावी असं माणूस एकच होतं, आणि ते उभं होतं.

मग रामाजी म्हणाला, "ओटागिटा काई नाई. दगड माह्या वावरात जातीन. सोयाबीन पेराच्या आंधी लावून टाकू. भाऊची दोरी आना."

सगळ्यांनी इंदिरावहिनींकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "छपरीत असन. खुंटीवर." एक जण उठलासुद्धा आणायला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, दोरी नाही. ती भाऊंसंगच गेली, तिरडीला. मी पाहत होते. मी ओळखली होती आणि बोलले नाही.

या वेळी कोणाला माहीत नव्हतं. या वेळी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. वहिनी पदर सावरून उठल्या आणि घराकडं निघून गेल्या. त्या माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत. बोलू नये त्यांनी.

पण रामाजीनं शब्द पाळला. काल सकाळी ट्रॉली त्याच्या वावरात रिकामी झाली. निंदायच्या बाया आल्या, त्याच, आता पिकल्या केसांच्या. बोरीचं झाड अजून आहे, म्हणून पहिला दगड बसला. त्याच्यानंतर हात थांबले. एक आणि नऊ सोडून बाकीचे नंबर उन्हापावसानं उडाले होते. आठ वर्षं नांगर फिरलेल्या जमिनीत एकही खड्डा राहिलेला नाही. मी रजिस्टर नेलं होतं. त्यात लिहिलं आहे: नऊ, काळसर, मोठा.

चार जणांनी नऊ नंबर सबलींवर उचलून धरला. रामाजीनं माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, हा कुठी?" सगळ्या बाया थांबून माझ्या तोंडाकडं पाहायला लागल्या. सवयच ना त्यांना, बाईला सगळं माहीत असतं. सबलीवर दगडाचं वजन घेऊन ती माणसं वाकून उभी होती, आणि मी ते सपाट वावर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पाहिलं.

म्हटलं, "मले नाई मालूम."